किंमत सांगा की राव!

आमच्या सांगली जिल्ह्यात खरसुंडीला खिलार जनावरांची यात्रा भरते. असा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना तिथली एक गंमत ठाऊक असेल. बैलाशेजारी दोन माणसं उभी असतात. दोघांचे हात एका टॉवेलाखाली असतात. तोंडानं कोणी बोलत नाही, बोलतात ती बोटं. एकानं दुसऱ्याची दोन बोटं दाबली म्हणजे काय आणि अख्खा पंजा धरला म्हणजे काय, हे त्या दोघांनाच कळतं. भोवती पन्नास माणसं असली तरी बैल कितीला गेला याचा पत्ता लागत नाही. कधी कधी तर ज्याचा बैल आहे तो शेतकरीही त्या पन्नासातलाच एक असतो, कारण टॉवेलाखालचा हात दलालाचा असतो.

किंमत झाकून ठेवायची ही युक्ती खेड्यातली, जुन्या काळातली आहे असं कोणी समजू नये. काचेच्या दारामागच्या थंडगार दुकानात आणि आपल्या हातातल्या मोबाइलवर मला रोज तोच टॉवेल दिसतो. त्याचं कापड तेवढं भारी झालंय. मी पडलो कवी. कवीचा आणि बाजाराचा संबंध तसा उधारीपुरताच. पण कवीला एक वाईट खोड असते, ती म्हणजे छापलेलं प्रत्येक अक्षर वाचण्याची. ही खोड बाजारात कशी उपयोगी पडते, तेच आज सांगणार आहे.

माझे एक चुलते आठवडी बाजारात अत्तर विकायचे. छोट्या छोट्या कुप्या, लाकडी पेटी आणि कापसाचे बोळे एवढाच त्यांचा संसार. गिऱ्हाईक आलं की आधी मनगटावर अत्तर लावायचं, वास घेऊ द्यायचा आणि मग भाव सांगायचा. भाव कुठंही लिहिलेला नसे. गिऱ्हाइकाचा सदरा बघून तो वरखाली होई, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यात एक सोय होती. भाव तोंडी होता, म्हणून घासाघीसही तोंडी होती. ईदच्या आधी आमची अम्मी चारोळी आणि खारीक घ्यायला जाई तेव्हा दुकानदाराशी तिचं अर्धा तास चाले. "भाऊ, शीरखुर्मा करायचाय, सोन्याचे दागिने नाही करायचे," असं ती म्हणायची. दुकानदार हसायचा आणि पसाभर जास्त घालायचा. विचारायला कोणालाच लाज वाटत नव्हती.

मग मालाला पाकीट आलं. पाकीट बोलत नाही आणि त्याच्याशी घासाघीसही करता येत नाही. तेव्हा पाकिटानं निदान लिहून तरी सांगावं, ही मागणी पुढं आली. ती आपोआप आली नाही. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढं दोन-तीन वर्षांत पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. पाकिटावर वजन, किंमत आणि बनवणाऱ्याचं नाव छापलंच पाहिजे, असे नियम केंद्र सरकारनं १९७७ साली केले.

त्यातही एक पळवाट राहिली होती. किंमत छापायची आणि पुढं बारीक अक्षरात 'स्थानिक कर वेगळे' असं लिहायचं. आता कर किती हे गिऱ्हाइकाला कुठून ठाऊक असणार? दुकानदार सांगेल तो कर. १९९० साली ही पळवाट बुजवली गेली आणि 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' छापणं आलं. तीच आपली एमआरपी. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली २०११ साली नवे नियम आले, त्यांतही ती कायम राहिली.

आता या एमआरपीतला 'कमाल' हा शब्द नीट बघा. कमाल म्हणजे जास्तीत जास्त. दुकानदार याच्यापेक्षा कमी घेऊ शकतो, जास्त घेऊ शकत नाही. आपण मात्र ती जणू देवानं लिहून दिलेली किंमत समजतो. कोणी एमआरपीला वस्तू दिली की आपल्याला वाटतं, माणूस सरळ आहे. खरं म्हणजे त्यानं आपल्याकडून कायद्यानं घेता येईल तेवढी सगळी रक्कम घेतलेली असते.

आणि काही जण तिथंही थांबत नाहीत. एसटी स्टँडवर पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली घ्या. छापील किमतीवर दोन-पाच रुपये जास्त. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गार करायला लाइट लागते, काका." लाइट लागते हे खरं. पण पाकिटबंद वस्तू किरकोळ विक्रीत छापील किमतीहून जास्तीनं विकणं हा गुन्हा आहे, मग ती गार असो की गरम. तीच वस्तू एका जागी एका किमतीची आणि दुसऱ्या जागी दुसऱ्या किमतीची, अशी दुहेरी छपाईही २०१८ च्या जानेवारीपासून बंद आहे. हॉटेलची गोष्ट मात्र वेगळी. तिथं टेबल, खुर्ची, वाढपी ही सेवा असते म्हणून बाटलीला जास्त आकारता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं. तेव्हा हॉटेलात भांडण काढू नका. स्टँडवर काढायला हरकत नाही.

तर कायद्यानं टॉवेल उचलला. किंमत उजेडात आली. मग व्यापाऱ्यानं काय केलं? किंमत तशीच ठेवली आणि वजन टॉवेलाखाली घेतलं.

पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच आहे. आपल्याला त्याचं केवढं कौतुक! जग महागलं, बिस्किट महागलं नाही. पण पुडा हातात घेऊन बघा. तो हलका झालाय. साबणाच्या वडीच्या पोटात खळगा आलाय. वेफर्सचं पाकीट तर फुगलेल्या गालासारखं असतं. आतला माल मऊ पडू नये आणि चुरा होऊ नये म्हणून त्यात नायट्रोजन भरतात, हे शास्त्र मला मान्य आहे. पण मुलाच्या हातात पाकीट फोडून दिलं की ते आधी आत डोकावतं आणि मग आपल्या तोंडाकडे बघतं. त्या नजरेला कुठलं शास्त्र समजावणार?

यात बेकायदा काही नाही, कारण कमी झालेलं वजन पाकिटावर छापलेलं असतं. पूर्वी बिस्किटं, चहा, साबण, मीठ, खाद्यतेल अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरवून दिलेल्या मापांतच पॅक कराव्या लागत. ही सक्ती काढून टाकणारी दुरुस्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली. आता ६३ ग्रॅमचाही पुडा काढता येतो. मात्र त्याच दुरुस्तीनं आपल्या हातात एक चांगलं हत्यार दिलं, ते म्हणजे एककाची किंमत. पाकीट एक किलोच्या आतलं असेल तर एका ग्रॅमला किती आणि वरचं असेल तर किलोला किती, हे एमआरपीबरोबरच छापायचं.

हा छोटा आकडा फार कामाचा आहे. समजा, १० रुपयांचा पुडा ५० ग्रॅमचा आहे. म्हणजे ग्रॅमला २० पैसे. शेजारी 'फॅमिली पॅक' आहे, ८८ रुपयांना ४०० ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला २२ पैसे. मोठं घेतलं की स्वस्त पडतं, या आजीच्या काळच्या हिशेबावर विसंबून आपण मोठा पुडा उचलतो आणि वर 'बचत केली' म्हणून घरी सांगतो. पाकिटावर ०.२० आणि ०.२२ हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचले असते तर दुकानातच कळलं असतं. दर वेळी असं असतं असं नाही, पुष्कळदा मोठं पाकीट स्वस्तच पडतं. पण वाचल्याशिवाय ते कळणार कसं?

अडचण एवढीच की हे वाचायचं कसं? पाकिटावरचा कायद्याचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की नियमाचं काम भागतं. मराठीत छापायला बंदी नाही, पण सक्तीही नाही. त्यामुळं बहुतेक ठिकाणी इंग्रजी, तीही सांध्यावर, चंदेरी कागदावर आणि नेमकी दुमडलेल्या जागी. माझ्यासारख्या बीए झालेल्या माणसाला चष्मा काढून, पाकीट नाकाजवळ आणून वाचावं लागतं. मग आठवडी बाजाराला आलेल्या, पाटीवर शिकलेल्या माउलीनं काय करायचं? दुकानातल्या मुलाला विचारायचं. आणि विचारायचा तर संकोच वाटतो. मागं रांग असते. पोरगा कानात बोंडं घालून उभा असतो. 'एवढंही कळत नाही' असं कोणी म्हणेल ही भीती असते.

इथं मला मुद्द्याची गोष्ट सांगायचीय. आजची किंमत टॉवेलाखाली नसते, ती आपल्या संकोचाखाली असते. नवा बाजार उभा आहे तो आपण विचारणार नाही या खात्रीवर.

बिलाच्या काउंटरवर उभे राहा, म्हणजे पटेल. परवा मी एका मोठ्या दुकानात एक वही आणि दोन पेन घेतले. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "सर, मोबाइल नंबर?"

मी म्हटलं, "कशाला, बेटा?"

"बिल होत नाही सर त्याशिवाय."

"पैसे मी देणार आहे. माझा नंबर काही देणार नाही."

ती हसली आणि मग हळूच म्हणाली, "आम्हाला वरून सांगितलंय सर." बिचारीची चूक नव्हतीच. मी नंबर दिला नाही आणि बिल झालं. यंत्राला माझ्या नंबराची गरज नव्हती, गरज होती ती वरच्या माणसाला.

नंबर दिल्याशिवाय माल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. आपल्या मर्जीनं द्यायचा असेल तर जरूर द्यावा, दुरुस्तीच्या किंवा घरपोच मालाच्या वेळी तो लागतोही. पण वहीला कशाला? तुमचा नंबर ही वस्तूच्या किमतीवर चढवलेली न छापलेली रक्कम आहे. तिचा हप्ता पुढं कधीतरी दुपारी वामकुक्षीच्या वेळी फोन वाजतो तेव्हा वसूल होतो. "सर, कर्ज हवंय का?" नको असलेल्या या फोनांसाठी १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती नोंदवता येते. फोन पुरते बंद होतील असं नाही, पण दुपार जरा लांबते.

पिशवीचंही तसंच. सगळं सामान काउंटरवर मांडून झालं, मागं रांग लागली, की मग सांगायचं, पिशवीचे वेगळे पैसे. आता माणूस काय करणार? डाळ-तांदूळ ओंजळीत नेणार? आधी न सांगता ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं अनुचित आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये दिला. सोपा उपाय अर्थात आपल्या घरच्या कापडी पिशवीचा. पण हक्क हक्काच्या जागी राहतो.

आता मोबाइलच्या बाजारात येऊ. हा सगळ्यांत हुशार बाजार. इथं दुकानदाराचं तोंडच दिसत नाही, त्यामुळं लाजायचं कारण नाही असं वाटतं. पण या बाजारानं लाजवण्याची वेगळी तऱ्हा शोधून काढलीय. तिकीट काढताना विमा नको असेल तर बटणावर लिहिलेलं असतं, 'नको, मी धोका पत्करतो.' सवलत नको तर लिहिलेलं असतं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत.' ही वाक्यं एखाद्या फुकट गेलेल्या कवीनंच लिहिली असावीत, असा माझा संशय आहे. नुसतं 'नको' म्हणायची सोय नाही. 'नको' म्हणताना आपण मूर्ख आहोत, असं स्वतःच्या बोटानं कबूल करायचं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारच्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. इंग्रजीत त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. आपण फसव्या मांडण्या म्हणू. त्यातल्या चार-पाच ओळखून ठेवा. 'फक्त दोनच शिल्लक, दहा मिनिटांत संपेल' अशी खोटी घाई. आपण न मागितलेली वस्तू, विमा किंवा देणगी गुपचूप टोपलीत टाकणं. आधी ४०० रुपये दाखवायचे आणि शेवटच्या पानावर सुविधा शुल्क, हाताळणी शुल्क असं करत ४६० वर न्यायचं, म्हणजे थेंबाथेंबानं किंमत वाढवणं. मघाची ती लाजवणारी बटणं. आणि सगळ्यात घातक म्हणजे सदस्यत्वाचा सापळा. आत यायला दार मोठं, बाहेर जायला खिडकीसुद्धा नाही.

घातक का म्हणतो ते सांगतो. आमच्या मोहल्ल्यात एक वयस्कर खाला राहतात. नवऱ्यामागं मिळणाऱ्या थोड्याशा पेन्शनवर त्यांचं घर चालतं. एक दिवस त्या पासबुक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बेटा, हे कोण दर महिन्याला माझ्याकडून ९९ रुपये नेतंय?" पासबुकात इंग्रजी अक्षरांची नुसती गिचमिड होती. शोधल्यावर उलगडा झाला. सुट्टीत आलेल्या नातवानं त्यांच्या मोबाइलवर सिनेमे बघायचं काहीतरी 'महिनाभर फुकट' घेतलं होतं. फुकट घेतानाच पुढच्या वसुलीची परवानगी दिली गेली होती. नातू गेला, महिना संपला आणि ९९ रुपये जाऊ लागले. आठ महिने झाले होते. ७९२ रुपये. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा खर्च त्यात काही महिने निघाला असता. त्यांना पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं होतं. "कोणी विचारलंसुद्धा नाही," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

खरं तर विचारलं होतं, पण इंग्रजीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून किंवा यूपीआयवरून अशी आपोआप वसुली करायची असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं आणि नको म्हणायची सोय द्यावी लागते. खालांच्या मोबाइलवर ते संदेश दर महिन्याला आले होते. जाहिरात समजून त्या ते पुसून टाकत होत्या. नियम पाळला गेला आणि पैसेही गेले. कायदा आणि माणूस यांच्यामधलं अंतर किती असतं, याचं इतकं नेमकं माप मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

थांबवायला दोन मिनिटं लागली. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा एक कप्पा असतो. आपल्या खात्यातून परस्पर वसुली करायची परवानगी कोणाकोणाला दिलीय, याची यादी तिथं असते. नको ते नाव दाबून रद्द करायचं. माझी तुम्हाला विनंती आहे, आज रविवार आहे, जेवण झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा मोबाइल मागून घ्या आणि तो कप्पा एकदा उघडा. मिठाई नेण्यापेक्षा ही भेट त्यांना जास्त उपयोगी पडेल.

आणि एवढं करूनही कोणी फसवलंच तर? आधी बिल मागायचं. कच्च्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली बेरीज म्हणजे बिल नव्हे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवायचा. तिथं मराठीतही बोलता येतं. वजनाची किंवा छापील किमतीची तक्रार असेल तर आपल्या वजनमाप खात्याकडं जायचं. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. त्यात एक मोठी सोय आहे. दुकान दिल्लीचं असो की बंगळूरचं, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वकील लागत नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, तेव्हा बिल जपून ठेवा.

तुम्ही म्हणाल, दोन रुपयांसाठी कोण एवढं करतो? बाजारालाही हेच ठाऊक असतं. पण आयोगाच्या खूप आधीची एक पायरी आहे आणि तिला काहीच खर्च येत नाही. "याची किंमत किती? कशाकशाचे लावले? हे कशाला?" एवढं मोठ्यानं विचारायचं. आपल्याला दोन रुपये सोडणं परवडतं म्हणून आपण गप्प बसतो. पण आपल्या मागं रांगेत उभ्या असलेल्या कुणाला तरी ते परवडत नसतात आणि विचारायचं धाडसही होत नसतं. पुढच्यानं विचारलेलं मागच्याला ऐकू जातं. मग त्याचाही आवाज फुटतो.

आमची अम्मी शाळेत गेली नव्हती. पण भाव विचारल्याशिवाय तिनं कधी पदराची गाठ सोडली नाही.